फास्ट हे विशेषण की क्रियाविशेषण? लेकीचा अभ्यास घेताना मीच अडकले

ऐरोलीकर_आई

नमस्कार. मी ऐरोलीत राहते, शिक्षण सगळं गावाकडे मराठी माध्यमात झालं, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. आता लेक पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. ट्यूशन लावलेली नाही, संध्याकाळी ऑफिसातनं आले की कुकर लावून ओट्याशीच तिचा अभ्यास घेते, गणित परिसर हे सगळं जमतं पण ग्रामर आलं की मी घाबरते.

झालं असं की मागच्या आठवड्यात तिला वर्कशीट होती, अधोरेखित शब्दाचा पार्ट ऑफ स्पीच लिहा. पहिलं वाक्य होतं धिस इज अ फास्ट ट्रेन आणि दुसरं द ट्रेन रन्स फास्ट. मी म्हटलं फास्ट म्हणजे वेगवान, वेगवान हे विशेषण, दोन्हीकडे ॲडजेक्टिव्ह लिही. काल वर्कशीट परत आली तर दुसऱ्या उत्तरावर लाल फुली आणि बाजूला बाईंनी ॲडव्हर्ब लिहून दिलंय. पोरगी काही बोलली नाही, फक्त वही माझ्यापुढे केली आणि ते लाल अक्षर बोटाने दाखवलं. मला रात्रभर तेच डोळ्यासमोर, कारण तिने स्वतः आधी ॲडव्हर्ब लिहिलं होतं, मी खोडायला लावलं होतं, रबराची खूण अजून दिसतेय कागदावर.

तर प्रश्न असे आहेत. एकच शब्द एकदा हे आणि एकदा ते कसा काय असतो? तिच्या वर्गात भिंतीवर तक्ता आहे त्यात आफ्टर हा शब्द प्रिपोझिशनमध्ये लिहिलाय, मग वर्कशीटमध्ये त्याला कंजंक्शन का म्हटलंय? आणि आम्ही नाम सर्वनाम विशेषण क्रियापद अशा आठ जाती घोकल्या होत्या, त्या मला आजही पाठ आहेत, पण त्यात अ, ॲन, द कुठे बसतात? मराठीत त्यांना जागाच नाही. मला तिला नीट समजावून सांगायचंय, नुसतं पाठ करून घ्यायचं नाहीये. कुणी सोप्या भाषेत सांगाल का.


अभ्यासिका_ठाणे

ताई, मी एमपीएससीच्या कंबाइन परीक्षेची तयारी करतोय, तिथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही व्याकरण येतं त्यामुळे हे रोजचंच आहे माझं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या स्टेशनवरच आहे बघा. आपण म्हणतो फास्ट लोकल, इथे फास्ट हा लोकलबद्दल सांगतोय, म्हणजे विशेषण. मग म्हणतो आज गाडी फास्ट गेली, इथे फास्ट हा जाण्याबद्दल सांगतोय, कशी गेली तर फास्ट, म्हणजे क्रियाविशेषण. आणि मग ठाण्याला उभे राहून म्हणतो फास्ट सोडली, स्लो पकडली, इथे तर आपण त्याचं सरळ नाम करून टाकलं, गाडी हा शब्दच नाही वाक्यात. शब्द एकच, कामं तीन. लोकलचं पण तसंच, लोकल ट्रेनमध्ये तो विशेषण होता, आपण मुंबईकरांनी लोकल म्हणजेच गाडी केली.

तर शब्द एकटा समोर ठेवून याची जात कुठली असं विचारायचंच नाही. आधी वाक्य बघायचं आणि विचारायचं की हा शब्द इथे काय काम करतोय. मला हे समजायला दोन वर्षं लागली, मी आधी याद्या पाठ करायचो, नाऊनची यादी ॲडजेक्टिव्हची यादी, आणि पेपरात हमखास तोच शब्द दुसऱ्या कामात यायचा.

मी वापरतो त्या युक्त्या सांगतो. नाऊन आहे का बघायचं असेल तर त्याच्या आधी द लावून बघा किंवा अनेकवचन होतंय का बघा. व्हर्ब आहे का बघायचं असेल तर वाक्य कालचं करा, जो शब्द बदलेल तो व्हर्ब. उदाहरणार्थ आय वॉटर द प्लांट्स एव्हरी डे, हे कालचं केलं की आय वॉटर्ड द प्लांट्स यस्टर्डे, वॉटर बदलला, म्हणजे इथे पाणी हे नाम नाहीये, पाणी घालणे हे क्रियापद आहे. मराठीत आपण पाणी आणि पाणी घालणे असे वेगळे शब्द ठेवतो म्हणून आपल्याला हा गोंधळ होत नाही, इंग्रजी तोच शब्द दोन्हीकडे चालवते.

अजून एक, शेवटी एलवाय आला की ॲडव्हर्ब हे शाळेत सांगतात पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. फ्रेंडली, लव्हली, लोनली हे ॲडजेक्टिव्ह आहेत. आणि हार्ड म्हणजे कष्टाने पण हार्डली म्हणजे जेमतेम, ही वर्क्स हार्ड आणि ही हार्डली वर्क्स यात जमीन अस्मानाचा फरक आहे, एकात माणूस राबतोय आणि दुसऱ्यात काडी हलवत नाहीये.


तुर्भे_मार्केट

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मी मार्केटमध्ये भाजीच्या एक्स्पोर्टच्या कामात आहे, दहावी मराठी माध्यम, आज बाहेरच्या पार्टीशी फोनवर इंग्रजीत बोलतो, भाव ठरवतो, माल नापास झाला तर भांडतो पण इंग्रजीत. मला ॲडव्हर्ब म्हणजे काय ते आजही सांगता येणार नाही. लहान मुलं मराठी शिकतात ती काय नाम सर्वनाम शिकून का? कानावर पडतं, बोलतात, चुकतात, परत बोलतात. माझ्या मुलाला मी तेच सांगतो, आधी बोल, नावं नंतर. ही नावं डोक्यात घातली की पोरं प्रत्येक वाक्याआधी विचार करत बसतात आणि तोंडच उघडत नाहीत, हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा ताई, लेकीशी रोज थोडं इंग्रजीत बोला, मार्कांचं एवढं मनावर घेऊ नका.


नौपाडा_मास्तर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी ३४ वर्षं शाळेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तुर्भेकरांशी बोलतो. तुमचं म्हणणं बोलण्यापुरतं अगदी खरं आहे, भाषा कानातूनच येते, आणि जो बोलायला घाबरतो त्याला व्याकरण काही वाचवत नाही. पण या बाईंच्या मुलीला वर्गात ही नावं विचारली जाताहेत आणि तिला ती कळायला हवीत. शिवाय उद्या ती शब्दकोश उघडेल तेव्हा प्रत्येक शब्दापुढे एन, व्ही, एडीजे अशी अक्षरं असतील, ती वाचता आली नाहीत तर एका शब्दाच्या सात अर्थांतला आपल्याला हवा तो कुठला हे कसं कळणार? नावं ही हत्यारांच्या नावांसारखी आहेत. पाना आणि पक्कड यांची नावं माहीत नसली तरी नळ दुरुस्त करता येतो, पण दुसऱ्याकडे ती मागता येत नाहीत.

आता बाई तुमच्याकडे. तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे जी तुमच्या लेकीकडे नाही, तुम्हाला मराठीतल्या आठ जाती येतात. तीच शिडी लावा. मराठीतही एक शब्द अनेक कामं करतो हे तिला आधी दाखवा. वर बघ म्हटलं की वर हे क्रियाविशेषण, टेबलावर म्हटलं की तोच वर शब्दयोगी अव्यय, आणि वर-वधू म्हटलं की नाम, अर्थात हा शेवटचा वर मुळात वेगळा शब्द, फक्त दिसायला सारखा. तो चांगला मुलगा आहे आणि तो चांगला गातो, यात चांगला हा शब्द आधी विशेषण आहे आणि मग गाण्याबद्दल सांगतोय. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तुम्ही जन्मापासून बोलताय. म्हणजे इंग्रजीने काही वेगळंच केलेलं नाही.

नावांचे अर्थ सांगा तिला, मग पाठ करावी लागत नाहीत. नाऊन हा लॅटिनमधल्या नोमेन वरून आला, त्याचा अर्थच नाव. आपला संस्कृत नामन् आणि तो नोमेन हे एकाच मूळ घराण्यातले शब्द आहेत, हे ऐकून माझे विद्यार्थी नेहमी खूश व्हायचे. प्रोनाउन म्हणजे नामाच्या ऐवजी. ॲडव्हर्ब म्हणजे व्हर्बला जाऊन जोडलेला, तुमच्या वर्कशीटमधला फास्ट हा रन्सला जोडलेला होता म्हणून तो ॲडव्हर्ब, ट्रेनला जोडलेला असता तर ॲडजेक्टिव्ह. फक्त हेही सांगून ठेवा की ॲडव्हर्ब हा ॲडजेक्टिव्हला आणि दुसऱ्या ॲडव्हर्बलाही जोडला जातो, व्हेरी फास्ट मधला व्हेरी बघा. इंटरजेक्शन म्हणजे मध्येच टाकलेला उद्गार, आपण त्याला केवलप्रयोगी म्हणतो. कंजंक्शन म्हणजे सांधणारा, उभयान्वयी या शब्दातही उभय म्हणजे दोन्ही आणि अन्वय म्हणजे संबंध.

प्रिपोझिशन मात्र नीट समजावून सांगा कारण इथे मराठी मुलं सगळ्यात जास्त अडखळतात. प्री म्हणजे आधी, पोझिशन म्हणजे जागा. इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी उभा राहतो, मराठीत मागे येऊन चिकटतो, म्हणून तर आपण त्याला शब्दयोगी म्हणतो. लोकलमध्ये घोषणा ऐकता ना, प्लीज माइंड द गॅप बिट्वीन द फूटबोर्ड अँड द प्लॅटफॉर्म, त्यातला बिट्वीन हा फूटबोर्डच्या आधी उभा आहे. आता तेच मराठीत म्हणून बघा, पायदान आणि फलाट यांच्यामधलं, मधलं शेवटी गेलं. काम तेच, फक्त उभं राहायची बाजू बदलली.

यावरून आफ्टरचं उत्तर मिळतं. आफ्टर लंच म्हटलं तर त्याच्यामागे एकटं नाम आहे, म्हणून प्रिपोझिशन. आफ्टर आय एट लंच म्हटलं तर त्याच्यामागे कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य आहे, तो दोन वाक्यं सांधतोय, म्हणून कंजंक्शन. मराठीत बघा, जेवणानंतर आणि मी जेवल्यानंतर, आपण दोन्हीकडे नंतर मागेच लावतो, म्हणून आपल्याला तो फरक जाणवत नाही. बिफोर आणि सिन्सचंही हेच. तक्ता चुकीचा नाही, तक्त्यात एका शब्दाला एकच जागा मिळते एवढीच त्याची अडचण.

आता अ, ॲन, द. हा प्रश्न फार चांगला विचारलात, पाचवीच्या पालकाने हा विचारला याचं मला खरंच कौतुक वाटतं. या आठ जातींचा उगम ग्रीकांकडे आहे. डायोनिसियस थ्रॅक्स या वैयाकरणाच्या नावावर जो ग्रंथ सांगतात त्यात शब्दांचे आठ प्रकार आहेत आणि त्यात आर्टिकलला स्वतःची जागा आहे, कारण ग्रीक भाषेत आर्टिकल होतं. लॅटिन लोकांनी हीच मांडणी उचलली पण लॅटिनमध्ये आर्टिकल नव्हतंच, मग ते गेलं, इंटरजेक्शन आलं, आकडा आठच राहिला. इंग्रजी व्याकरणं पुढे लॅटिनच्या साच्यात लिहिली गेली, त्यामुळे इंग्रजीत अ आणि द रोज हजारदा वापरूनही आठांच्या यादीत त्यांना खुर्ची नाही. जुन्या पुस्तकांत त्यांना ॲडजेक्टिव्हच्या घरात ठेवत, हल्लीची व्याकरणं डिटर्मिनर नावाचा वेगळा गट करतात आणि त्यात माय, धिस, सम हेही घेतात. तुमच्या लेकीच्या पुस्तकात जे असेल ते लिहा, पण का वेगवेगळं दिसतं हे तुम्हाला माहीत असू द्या.

आणि मराठीत तरी या आठ जाती कुठून आल्या? यास्क या प्राचीन संस्कृत पंडिताच्या निरुक्त ग्रंथात चारच आहेत, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे छोटी अव्ययं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाची धाटणी समोर ठेवून, आणि त्या वाटेने आठ जाती आपल्या शाळांत रुजल्या. म्हणजे तुम्ही गावाकडे जे घोकलं आणि तुमची लेक ऐरोलीत जे घोकतेय ते एकाच मुळाचं आहे, दोन वेगळे विषय नाहीत.

ॲनचा नियम अक्षरावर नाही, उच्चारावर आहे. ॲन अवर, कारण एच बोलत नाही. अ युनिव्हर्सिटी, कारण तोंडातून य येतो. ॲन एमएलए, कारण ए ऐकू येतो. तिला मोठ्याने म्हणायला लावा, कान बरोबर सांगतो.


महापे_शिफ्ट

सर, तुमचा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवलाय.

तुर्भेवाल्या दादांना माझा अनुभव सांगते. मी आयटी पार्कात सपोर्टला आहे, बोलण्याचा प्रॉब्लेम नव्हता, मेलचा होता. माझ्या मेल्समध्ये मॅनेजर सारखी एकच चूक दुरुस्त करायच्या आणि मला कळायचंच नाही का. मी लिहायचे आय रीच्ड टू ठाणे, वुई डिस्कस्ड अबाउट द इश्यू. त्या टू आणि अबाउट काढून टाकायच्या. सहा महिने मी नुसती बघत राहिले. मग एकदा जेवताना टीममधल्या एकीने सांगितलं की रीच आणि डिस्कस हे ट्रान्झिटिव्ह व्हर्ब आहेत, त्यांना थेट ऑब्जेक्ट लागतं, मध्ये प्रिपोझिशन घालायचं नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला, कारण मराठीत आपण ठाण्याला पोचले म्हणतो, तो ला माझ्या हातून टू होऊन उतरत होता, आणि विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा केली म्हणतो तो बद्दल अबाउट होऊन येत होता. मराठीत पोचणे अकर्मक आहे, इंग्रजीत रीच सकर्मक आहे, एवढं एक वाक्य मला सहा महिने आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते वाक्य कळायला सकर्मक अकर्मक ही नावं माहीत असावीच लागतात ना. मला शाळेतली आठवली म्हणून कळलं.

अजून एक ताई, लेकीला सब्जेक्ट शोधायला शिकवताना मराठीत भाषांतर करून शोधू नका. मला चहा आवडतो, यात आवडतो हे चहाप्रमाणे चालतं, कॉफी असेल तर आवडते होतं. इंग्रजीत आय लाइक टी, तिथे सब्जेक्ट आय आणि लाइक त्याच्यामागे. मला भूक लागली हे आय ॲम हंग्री, आपली भूक हे नाम आहे आणि त्यांचं हंग्री हे ॲडजेक्टिव्ह. शब्दाला शब्द लावत गेलं की जाती पण चुकतात.


तुर्भे_मार्केट

महापेताई, ठाण्याला रीच्ड टू मी पण म्हणतो, आजवर कुणी टोकलं नाही कारण फोनवर चालून जातं. पण आता मेलवर कोटेशन पाठवावी लागतात तिथे हे लागणार, हे पटलं. मास्तर, हत्यारांचं उदाहरण पण पटलं. एकच विचारतो, मुलाला शिकवताना सुरुवात कुठल्या दोन-तीन नावांपासून करू? आठ एकदम नको.


नौपाडा_मास्तर

व्हर्बपासून करा. वाक्यात आधी क्रियापद शोधायचं, मग त्याला कोण असं विचारायचं की सब्जेक्ट मिळतो, मग काय किंवा कोणाला विचारायचं की ऑब्जेक्ट असेल तर मिळतो. हे तीन हाताशी आले की बाकीचे शब्द कुणाला चिकटलेत एवढंच बघायचं उरतं, नामाला चिकटला तर ॲडजेक्टिव्ह, क्रियेला चिकटला तर ॲडव्हर्ब. एक सावधगिरी, डू यू लाइक टी यात डू आणि लाइक दोन व्हर्ब दिसतील. डू हा सहायक आहे, प्रश्न विचारायला मदतीला आलाय, त्याला मराठीत शब्दच नाही, आपलं काम ‘का’ या शब्दावर भागतं. मुलं डूचा अर्थ करणे असा लावतात आणि अडकतात, तेवढं आधीच सांगून टाका.


ऐरोलीकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, लेकीला घेऊन ठाण्याला माहेरी निघाले होते, म्हटलं गाडीतच करून बघू. तिला आधी मराठीतलं वर सांगितलं, वर बघ, टेबलावर, वर-वधू. तिने तिसऱ्याला हसून मान हलवली आणि स्वतःहून म्हणाली आई मग फास्टपण तसाच ना, ट्रेनला चिकटला की ॲडजेक्टिव्ह आणि रन्सला चिकटला की ॲडव्हर्ब. मी तिला चिकटला हा शब्द सांगितला नव्हता, मास्तरांचा प्रतिसाद तिने माझ्या मोबाइलवर वाचला होता सकाळी.

मी तिला सांगितलं की त्या वर्कशीटमध्ये तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं आणि मी खोडायला लावलं ते चुकलं. ती म्हणाली मला माहीत होतं, पण तू सांगितलंस म्हणून खोडलं. हे मला खूप लागलं. आता मी तिला सांगितलंय की पटलं नाही तर खोडायचं नाही, आपण दोघी बसून शोधू.

मग नेक्स्ट स्टेशन ठाणे ऐकू आलं. तिने लगेच विचारलं यात व्हर्ब कुठाय? मी म्हटलं शोध. ती दोनदा पुटपुटली आणि म्हणाली नाहीच आहे. नेक्स्ट हा स्टेशनला चिकटलाय म्हणून ॲडजेक्टिव्ह, स्टेशन नाऊन, ठाणे नाऊन. बरोबर आहे ना मास्तर? आणि गॅपच्या घोषणेत माइंड हा व्हर्ब आहे हे तिला कळलं, कारण तिने कालचं वाक्य करून बघितलं, ही माइंडेड द गॅप. पण प्लीजवर आम्ही दोघी अडकलो. तो कुणालाच चिकटलेला दिसत नाही. प्लीज कशात बसतो?


नौपाडा_मास्तर

सगळं बरोबर आहे, आणि व्हर्ब नाही हे तिने स्वतः ओळखलं हे तर फारच छान, घोषणेत इज गाळलेला आहे. काही शब्दकोशांत प्लीजला ॲडव्हर्ब म्हणतात, विनंतीचा सूर अख्ख्या वाक्याला लावतो म्हणून. नुसतं प्लीज! असं एकटंच म्हटलं तर इंटरजेक्शनसारखं काम करतो. आणि प्लीज हा व्हर्बही आहे, खूश करणे या अर्थाचा. तिला म्हणावं, तिन्ही कामांची एकेक वाक्यं करून वहीत लिही आणि जमलं तर इथे टाकायला सांग, मी तपासून देतो.